न दिलेली सतरा नावं

चुरी मॅडम मला पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्या शेडमध्ये, तारेच्या रिकाम्या रिळावर बसलेल्या. मी त्यांना तिथून उठवायला गेलो होतो. बोईसरच्या एमआयडीसीत तारा ओढायचा आमचा कारखाना, आणि मी तिथला वेल्फेअर ऑफिसर. बाहेरची बाई शेडमध्ये बसलीय म्हणजे काय! मी गेलो आणि जरा आवाज चढवूनच म्हणालो, की पाहुण्यांसाठी वर ऑफिसात खुर्च्या आहेत. त्यांनी साहेबांचं परवानगीचं पत्र दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही आत आलात तेव्हा एकानेही मान वर केली नाही. रोज असंच होतं का?"

मी म्हटलं, लोक कामात असतात. साधारणपणे असंच असतं.

"साधारणपणे म्हणजे कितीदा?"

ही त्यांची खोडच होती. 'साधारणपणे', 'बहुतेक', 'सगळेच' असले शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. मी त्या दिवशी जो चिडलो, तो पुढे सात-आठ वर्षं अधूनमधून चिडतच राहिलो. आणि तरीही सांगतो, मी ज्या माणसांच्या हाताखाली काम केलं, ज्यांना वाकून नमस्कार केले, त्यांतलं कुणी आता आठवत नाही. आठवते ती ही बाई.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मॅडम पालघरच्या कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना व्यवस्थापन शिकवायच्या. मूळच्या वाडीतल्या, केळव्याकडच्या. घरी पानवेली आणि चिकू. सुती पाचवारी साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, असा अवतार. कॉलेजात त्या बुटांवरून हसायचे लोक. त्या म्हणायच्या, "हसू देत. चालायचं मला आहे." वीस वर्षं त्यांनी पुस्तकातून नेतृत्वाचे बारा गुण शिकवले होते आणि पोरांनी ते पाठ करून मार्क मिळवले होते. मग एके दिवशी म्हणे त्यांच्या लक्षात आलं, की बाराच्या बारा गुण लिहून पहिला आलेला त्यांचा विद्यार्थी बापाच्या वाडीत चार गड्यांना जागचं हलवू शकत नाही. त्या दिवसापासून पुस्तकावरचा त्यांचा विश्वास उडाला.

त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. अगदी साधी. काही बिघडलं, अडलं, कुणी घाबरलं, की त्या पहिल्या क्षणाला माणसांच्या माना कुणाकडे वळतात, एवढंच बघायचं आणि वहीत टिपायचं. कुणाला प्रश्न विचारायचे नाहीत, फॉर्म भरून घ्यायचे नाहीत. "विचारलं की माणूस साहेबाचं नाव सांगतो," त्या म्हणायच्या. "मान खोटं बोलत नाही. तिला वेळच मिळत नाही." हाच अभ्यास त्या डॉक्टरेटसाठी करत होत्या, तीन ठिकाणी: सातपाटीतली एक मच्छीमार सोसायटी, एक कबड्डीचा संघ, आणि आमचा कारखाना. वय तेव्हा बावन्न. कॉलेजचे प्राचार्य दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होते. नंबर मॅडमचा होता, पण डॉक्टरेट असेल तर. हे अख्ख्या पालघरला ठाऊक होतं.

सातपाटीचा किस्सा त्या फार रंगवून सांगायच्या. बर्फाची गाडी आली नव्हती, होड्या लागलेल्या, आणि थोडाच बर्फ शिल्लक. कुणाचा माल आधी उतरवायचा यावर कमिटी आत खुर्च्यांवर बसून भांडत होती. बाहेर बंदरावर मात्र सगळ्या माना वळल्या होत्या बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीकडे. ती मान खाली घालून आपलं काम करत होती. तशीच, वर न बघता, तिने एका होडीचं नाव घेतलं. संपला विषय! कमिटीचा ठराव व्हायच्या आत माल उतरला. मॅडमनी हे कमिटीपुढे जसंच्या तसं वाचून दाखवलं. चेअरमन लाल झाले. म्हणाले, "ती तं सभासदपण नाय आमची."

"म्हणूनच लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.

कबड्डीचा किस्सा मात्र त्या सांगायच्या नाहीत. तो मला त्या संघाच्या एका खेळाडूकडून कळला. त्या संघाचा कॅप्टन धिप्पाड, चढाईला वाघ. पण डाव फिरला की सातही जण बघायचे ते राखीव बाकावर बसलेल्या एका गड्याकडे. तो एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे खेळणं बंद. नुसता बसायचा, लिंबं चिरून द्यायचा आणि बोटाने काहीतरी खुणावायचा. पहिल्याच मॅचला मॅडम उत्साहाने ओरडल्या, तर सगळा संघ त्यांच्याकडेच बघायला लागला. त्यांनी त्या दिवसाचं सगळं टिपण काट मारून रद्द केलं. पण खरी चूक त्यापुढे झाली. हंगाम संपताना त्यांनी कोचला सांगून टाकलं, की तुमचा खरा कॅप्टन बाकावर बसलाय. नावासकट सांगितलं. कोचने दुसऱ्या दिवशी त्या मेकॅनिकला कॅप्टन करून मैदानात उतरवलं. झालं! जुना कॅप्टन रुसला, मेकॅनिकला आतून खेळ दिसेना, गुडघा परत गेला, आणि मॅच तर हरलेच. तो माणूस मैदानावर यायचाच बंद झाला. मॅडम त्याच्या घरी गेल्या आणि त्याच्या बायकोसमोर त्याची माफी मागून आल्या. परत आल्यावर वहीत काय लिहिलं ते मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं: "बघायचं होतं. बोट दाखवायचं नव्हतं. मी त्याची जागा घालवली."

म्हणूनच आमच्याकडे आल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी शेडमध्ये सगळ्यांना गोळा करून आपण काय करतो ते सांगितलं. बिहारच्या, यूपीच्या लोकांना हिंदीतून. त्यांची हिंदी भयंकर होती. लोक हसले, "गर्दनवाली मैडम" म्हणून नाव पडलं आणि तेच चाललं. पण जव्हारकडून भातकापणीनंतर कामाला येणारा कंत्राटातला एक जण हसला नाही. तो थेट म्हणाला, "बाय, नाव लिवलास तं माझा गेट बंद होल."

मॅडम म्हणाल्या, "नाव माझ्या डोक्यात राहील. बाहेर जाणार नाही. कुणालाही सांगणार नाही. हा माझा शब्द."

मी शेजारीच उभा होतो. मनात म्हटलं, बाई बोलतेय झकास, बघू किती दिवस.

तीन महिने त्या येत राहिल्या. पालघरहून सकाळी यायच्या, शिफ्ट सुटली की जायच्या. कॅन्टीनच्या चहाला "गरम पाणी, रंगीत" म्हणायच्या आणि दोन कप प्यायच्या. तार तुटली, मशीन अडकलं, कुणाचा हात कापला, की त्यांचं पेन चालायचं. मी जाता-येता वहीत डोकवायचो. तिथे नुसत्या खुणा: गोल, फुली, बाण. एक नाव असेल तर शपथ!

मग ती गोष्ट झाली. एका मशीनवरची लोखंडी जाळी बरेच दिवस निघालेली होती. तुटलेली तार चाबकासारखी उडते, ती अंगावर येऊ नये म्हणून ती जाळी. त्या दिवशी तार तुटली आणि एकाच्या गालावरून गेली. डोळा थोडक्यात वाचला. आणि पुढच्या क्षणाला अख्खी शेड बंद. एकामागून एक मशीन थांबलं. कुणी घोषणा दिली नाही, कुणी पुढे आलं नाही, युनियन तर आमच्याकडे नव्हतीच. सगळे नुसते हात बांधून उभे. जाळी बसली तेव्हाच मशिनं सुरू झाली. मी तिथेच होतो. बघत होतो. आणि मला काहीसुद्धा दिसलं नाही.

दळवी साहेब, आमचे जनरल मॅनेजर, हादरले. नेता असलेल्या संपाची त्यांना भीती नव्हती. नेत्याला कसं गाठायचं ते त्यांना येत होतं. पण हे असं? मला बोलावून म्हणाले, की त्या चुरीबाई तीन महिने हेच तर लिहून घेतायत, कोणाकडे लोक बघतात. तिच्याकडून नावं आणा. कंत्राटं पुढच्या महिन्यात संपतायत, मग बघतो. आणि मॅडमच्या प्रबंधाला कंपनीचं पत्र जोडावं लागणार होतं, अभ्यास इथे पूर्ण केला म्हणून. ते पत्र टाईप करून साहेबांनी टेबलावर ठेवलेलं होतं. सही तेवढी राहिली होती. नावं आली की सही, असा सरळ हिशेब.

मी पालघरला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, चिकू पुढे ठेवले. मी सगळं सांगितलं, जरा गोड करून. त्या म्हणाल्या, "नाही." मी म्हटलं, मॅडम, विचार करा. त्या म्हणाल्या, "केला. नाही." मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमचं वय बावन्न आहे, परत नवा कारखाना शोधून नवा अभ्यास करायला तुम्हाला जमणार आहे का? प्राचार्यपद दारात येऊन उभं आहे. आणि कोणासाठी? पावसाळा आला की गावाला पळणाऱ्या कंत्राटी माणसांसाठी? त्यांना तुमचं नावसुद्धा धड ठाऊक नाही, गर्दनवाली म्हणतात तुम्हाला!

त्यांनी चिकूची साल काढता काढता माझ्याकडे बघितलं. "तामोरे, मला ती खुर्ची हवीय. खूप हवीय. वीस वर्षं हवीय. तुम्हाला काय वाटलं, मी साध्वी आहे?" त्यांनी सोललेला चिकू माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "एकदा मी नाव सांगितलंय. परत नाही सांगणार."

मी तणतणतच दांडीला, आमच्या गावी, घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. आमच्या सात पिढ्यांत ऑफिसच्या खुर्चीवर बसलेला मी पहिला. ती खुर्ची हलू नये एवढीच माझी आयुष्यभराची धडपड. आईने मासळी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती बाय नाय सांगत, तं तू कशाला इचारतस? तुला ठावं नाय काय तुझ्या मानसांची नावां?"

मला ठाऊक नव्हती. सात वर्षं मी त्या शेडमध्ये रोज दोनदा फेरी मारत होतो. लोक ज्यांच्याकडे बघत होते त्यांतलं एकही नाव मला ठाऊक नव्हतं. रात्रभर हे डाचत राहिलं, पण म्हणून मी काही सुधारलो वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी परत साहेबांच्या मागे उभा राहिलो.

शेवटचं वाचन वरच्या कॉन्फरन्स रूममध्ये झालं. साहेब, आम्ही सगळे अधिकारी, आणि मॅडम त्याच कॅनव्हासच्या बुटांत. त्यांनी अर्धा तास निष्कर्ष वाचले. अडचणीच्या क्षणी माना ज्यांच्याकडे वळतात अशी सतरा माणसं या शेडमध्ये आहेत, त्यांत एकही सुपरवायझर नाही, आणि ही सतरा माणसं आहेत म्हणून तुमचा कारखाना चालतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांना धक्का लावू नका, बक्षीससुद्धा देऊ नका, म्हणाल्या. फक्त ते बघतात तिकडे तुम्हीही बघा.

साहेब हसून म्हणाले, उत्तम. आता ती सतरा नावं. आणि पत्राच्या कागदावर पेन ठेवून थांबले.

"नावं माझ्याकडे आहेत," मॅडम म्हणाल्या. "सगळी आहेत. देणार नाही."

साहेब म्हणाले, कंपनीने तुम्हाला तीन महिने आत बसू दिलं, कंपनीला काहीतरी मिळालं पाहिजे. मॅडमना ते पटलेलं दिसलं. त्यांनी मान डोलावली, पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि साहेबांपुढे ठेवला.

"ही पाच नावं देते. तीन महिन्यांत या पाच जणांकडे एकदाही कुणी मान वळवून बघितलं नाही. तार तुटली तेव्हा नाही, माणूस कापला तेव्हा नाही."

साहेबांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचं हसू गेलं. म्हणाले, तुम्ही तर कुणाचंच नाव सांगणार नव्हता ना?

"शब्द मी खाली दिला होता. त्यांनी विचारलं होतं, नाव लिहिलं तर आमचं काय होईल म्हणून. वरच्या मजल्यावरून कुणी विचारलंच नाही."

कागद टेबलावरून फिरत माझ्याकडे आला. पहिलं नाव साहेबांचं. चौथं माझं: व. ज. तामोरे, वेल्फेअर ऑफिसर.

मी आठ दिवस त्या बाईला मनात शिव्या घातल्या. हो, घातल्या. मी तिच्या घरी चहा प्यायलो होतो, तिच्या भल्याचं सांगत होतो, आणि तिने मला चारचौघांत उघडं पाडलं! नवव्या दिवशी ड्रॉवर साफ करताना एक अर्ज हाताला लागला. त्या निघालेल्या जाळीबद्दलचा. खाली अकरा अंगठे आणि सह्या. अपघाताच्या दोन महिने आधी माझ्याकडे दिलेला, आणि मी "बघू" म्हणून ठेवून दिलेला. मी तो हातात धरून बसलो आणि मला लाज वाटली. अशी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. ज्या माणसाने अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला, त्याच्याकडे रक्त आल्यावर कोण बघणार?

मग मी माझ्या नोकरीतलं पहिलं धाडस केलं. कंपनीच्या कागदावर पत्र टाईप केलं, खाली वेल्फेअर ऑफिसर म्हणून माझी सही ठोकली आणि पालघरला गेलो. मॅडमनी चष्मा लावला. पत्रात लिहिलं होतं, की कंपनीने अभ्यासाला संपूर्ण सहकार्य दिलं. त्यांनी लाल पेन घेतलं, त्या ओळीवर काट मारली आणि कोपऱ्यात दहापैकी चार गुण दिले. "खोटं आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, एका ओळीचा तर प्रश्न आहे. त्यांनी कागद परत केला. दुसऱ्या दिवशी मी खरं पत्र टाईप केलं: कंपनीने कामगारांची नावं मागितली, संशोधकांनी ती दिलेल्या शब्दामुळे दिली नाहीत, म्हणून कंपनीने सही नाकारली. खाली माझी सही. मॅडमनी दोनदा वाचलं, प्रबंधाला जोडलं, आणि प्रबंध विद्यापीठातून परत आला. अपेक्षेप्रमाणे. तसल्या पत्राला कोण विचारतो! दळवी साहेबांना पत्राचा सुगावा लागला आणि माझी रवानगी गोदामात झाली. तिथे मी बाकीची वर्षं काढली, आणि खरं सांगतो, तिथे मला माणसं नावानिशी ठाऊक झाली. कंत्राटं मात्र त्या वर्षी सगळ्यांची चालू राहिली. कोणाला काढायचं तेच वरच्या लोकांना कळेना.

प्राचार्यपद त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एका डॉक्टरसाहेबांना मिळालं. मॅडम त्यांच्या हाताखाली शिकवत राहिल्या, त्याच बुटांत, आणि त्यांच्या प्रत्येक परिपत्रकात लाल पेनाने चुका दाखवत राहिल्या.

नव्वदच्या दशकात त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभाला मी गेलो होतो. सूत्रसंचालन करणारा त्यांचा जुना विद्यार्थी, आता वकील. तो गहिवरून म्हणाला, मॅडमची डॉक्टरेट तेवढी राहून गेली, ही आम्हा सगळ्यांच्या मनातली खंत आहे. मॅडम खुर्चीतून उठल्या, त्याच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाल्या, "राहून गेली नाही. समोर ठेवली होती. मी घेतली नाही. खंत वगैरे काही नको, पुढचं बोल." प्राचार्य खाली बघत राहिले. पाठीमागे कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

कार्यक्रमानंतर त्या हार-तुरे शिपायाच्या हातात देऊन बाहेर रिक्षात जाऊन बसल्या. मी मागोमाग गेलो. आमचा कारखाना तोवर बंद पडून वर्ष झालं होतं. शेडला कुलूप, दळवी साहेब कुठे गेले कुणास ठाऊक, माणसंही पांगलेली. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आणि मला जाणून घ्यायचं होतं. सात वर्षं मी ज्यांच्यामधून चाललो आणि ज्यांना बघितलं नाही, ती माणसं कोण होती, एवढंच मला मरायच्या आधी कळायला हवं होतं. हे सगळं मी त्यांना रिक्षाच्या दाराशी वाकून सांगितलं. म्हटलं, मॅडम, आता तरी सांगा ती सतरा नावं. मला एकट्याला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि मला वाटलं, आता सांगतात.

"मी शब्द दिला तेव्हा मुदत घातली नव्हती, तामोरे," त्या म्हणाल्या. आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चला हो, उशीर होतोय."